राय, बटाटा आणि गवताची काडी : पोलंडमधले काही दिवस

शनिवार, वॉर्सा

पोलंडला जायचं तर ऑक्टोबरातच, यावर मी अडून बसलो होतो. भाचा तिकडे नोकरीला आहे. तो फोनवर म्हणायचा, "मामा, जूनमध्ये या. रात्री नऊपर्यंत उजेड असतो, मामींना थंडीही वाजणार नाही." पण जूनमध्ये बटाटा अजून जमिनीत असतो आणि बटाट्याच्या डिस्टिलरीचा बॉयलर थंड. ऊस संपल्यावर कारखाना बघायला कुणी जातं का?

माझी सगळी नोकरी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत गेली. मळी यायची, तिचा वॉश म्हणजे आंबवलेला द्रव व्हायचा, वॉश कॉलमवर म्हणजे दारू गाळायच्या उंच मनोऱ्यावर चढायचा आणि दुसऱ्या टोकाला टँकर भरायचे. आधी नुसतं रेक्टिफाइड स्पिरिट, पुढे प्लँट वाढवल्यावर ईएनए. हे ईएनए म्हणजे वास आणि चव शक्य तितकी काढून टाकलेलं स्पिरिट. बॉटलिंगवाले ते घेऊन जायचे. त्यात रंग, इसेन्स पडला की रम, ब्रँडी. नुसतं पाणी पडलं की व्होडका. तेव्हा व्होडका म्हणजे स्पिरिट अधिक पाणी, हे मी आजही म्हणतो. प्रश्न एवढाच, की ते स्पिरिट कशाचं आहे आणि त्यात काय राहू दिलंय. तेवढं बघायला ही सहल.

पहिल्या संध्याकाळी फार काही केलं नाही. मॉन्ते कॅसिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ वळिवडे-कोल्हापूर छावणीची आठवण म्हणून एक फलक आहे, तिथे मात्र गेलो. दुसऱ्या महायुद्धात सायबेरियातून सुटलेले सुमारे ५,००० पोलिश लोक, बहुतेक बायका-मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिले. आमच्याकडच्या जुन्या लोकांकडून त्यांच्याबद्दल ऐकलेलं होतं. वॉर्सात मराठी माणसाला पहिली ओळखीची जागा सापडते ती ही. हिने पिशवीतला रुमाल काढून फलकावरची पानं झाडली आणि आम्ही जेवायला गेलो.

रविवार, प्रागा

व्हिस्चुला नदी ओलांडली की प्रागा. १९४४ मध्ये जर्मनांनी नदीपलीकडचं वॉर्सा पाडून टाकलं, हा पूर्वेचा भाग बऱ्यापैकी वाचला. म्हणून जुन्या विटांचे वाडे, उखडलेला गिलावा, कोळशाने काळवंडलेल्या भिंती हे सगळं इथेच बघायला मिळतं. झाँबकोव्स्का रस्त्यावर कोनेसेर नावाची लाल विटांची मोठी वसाहत आहे. १८९७ साली हा स्पिरिट शुद्ध करण्याचा आणि व्होडका भरण्याचा कारखाना म्हणून उभा राहिला. २००७ पर्यंत इथे उत्पादन चालू होतं. आता हॉटेलं, दुकानं, कार्यालयं, आणि एका इमारतीत २०१८ मध्ये उघडलेलं पोलिश व्होडकाचं संग्रहालय.

कारखान्याच्या माणसाला कारखान्याची इमारत आधी दिसते, संग्रहालय नंतर. खिडक्यांची उंची, भिंतींची जाडी, लोखंडी खांब बघत मी बाहेरच रेंगाळलो. तेव्हा वॉर्सा रशियन झारच्या ताब्यात होतं आणि रशियन सरकारने १८९४ पासून व्होडकाची सरकारी मक्तेदारी सुरू केली होती. महसूल गोळा करायचा तर दारू एका छताखाली, मोजून, मापून, सील करून बाहेर पडली पाहिजे. आमच्या डिस्टिलरीच्या गेटवर एक्साइजचा इन्स्पेक्टर आणि त्याचं कुलूप असायचं. देश कुठलाही असो, दारूच्या कारखान्याची बांधणी निम्मी रसायनशास्त्राने ठरते आणि निम्मी करवसुलीने.

आत गाइड मुलगी होती, बोलायला चटपटीत. व्होडकाचा पोलंडमधला पहिला लेखी उल्लेख सांदोमिएशच्या कोर्टाच्या १४०५ च्या कागदांत मिळतो असं सांगतात. १५३४ मध्ये स्तेफान फालिमिएश याने औषधी वनस्पतींवर पुस्तक लिहिलं, त्यात ती औषध म्हणून येते. पुढे ती प्यायची झाली, आणि जमीनदारांच्या लक्षात आलं की बाजारात धान्य विकण्यापेक्षा ते गाळून विकण्यात जास्त पैसा आहे. मग त्यांनी कायदाच करून घेतला. आपल्या गावात दारू गाळायची आणि विकायची ती जमीनदारानेच, आणि रयतेने प्यायची ती त्याच्याच गुत्त्यावर. रयतेची मजुरी फिरून मालकाच्या खिशात. हा भाग गाइडने चार वाक्यांत उरकला. मला वाटतं संग्रहालयाने यावर एक अख्खी खोली द्यायला हवी होती. तांब्याच्या चकचकीत भांड्यांवर दिलेली जागा थोडी कमी केली असती तरी चाललं असतं.

कम्युनिस्ट काळाचा भाग मजेचा. १९८२ पासून दुपारी एकच्या आत दारू विकायची नाही असा नियम होता. मग लोक घरी गाळायचे आणि कृतीचं प्रमाण लक्षात ठेवायला त्यांना इतिहासाचा धडा उपयोगी पडायचा. ग्रुनवाल्डची लढाई १४१० सालची. १ किलो साखर, ४ लिटर पाणी, १० डेकाग्रॅम म्हणजे १०० ग्रॅम यीस्ट. ट्यूटॉनिक सरदारांना हरवल्याचं साल असं स्वयंपाकघरात जिवंत राहिलं.

भाच्याने मध्येच विचारलं, "व्होडका ४० टक्के असावी हे मेंडेलीव्हने शोधून काढलं ना?" ही गोष्ट जगभर सांगतात. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने १८६५ मध्ये अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणावर प्रबंध लिहिला हे खरं. अर्धा लिटर शुद्ध अल्कोहोल आणि अर्धा लिटर पाणी एकत्र केलं तर एक लिटर होत नाही, चाळीसेक मिलीलिटर कमी भरतं, कारण दोन्हीचे रेणू एकमेकांत दाटीने बसतात. ह्या आकसण्याचा त्याने बारकाईने अभ्यास केला. पण सेंट पीटर्सबर्गचं व्होडका संग्रहालय सांगतं की रशियात ४० टक्क्यांचं प्रमाण १८४३ मध्येच आलं होतं. तेव्हा मेंडेलीव्ह नऊ वर्षांचा. आज युरोपात किमान ३७.५ टक्के लागतात, अमेरिकेत ४०. आणि आपल्या बाटलीवर ४२.८ असतं, ते इंग्रजांच्या प्रूफच्या, म्हणजे दारूची तीव्रता मोजायच्या जुन्या हिशोबातून आलेलं. पंचवीस अंडर प्रूफ, आमच्या भाषेत पंचवीस यूपी. इंग्रज गेले, त्यांची मोजपट्टी एक्साइजच्या रजिस्टरात राहिली.

शेवटी गाइडने 'पोल्स्का वूत्का' या नावाचा कायदा सांगितला. २०१३ पासून लेबलवर हे नाव लावायचं तर कच्चा माल फक्त राय (गव्हाच्या जातीचं एक धान्य), गहू, जव, ओट, ट्रिटिकेल (गहू आणि रायचा संकर) किंवा बटाटा, तोही पोलंडमध्ये पिकलेला, आणि गाळण्यापासूनचं सगळं काम पोलंडमध्येच. मका चालत नाही. मळी तर नाहीच नाही. माझ्याकडे बघून भाचा हसला.

याला मागची भांडणंही आहेत. पोलंड, फिनलंड, स्वीडन, बाल्टिक देश यांचं म्हणणं होतं, व्होडका म्हणजे धान्याची किंवा बटाट्याची. बाकीच्यांनी हे नाव वापरू नये. द्राक्षापासून किंवा उसाच्या मळीपासून करणारे देश अर्थातच विरोधात. २००८ च्या युरोपीय नियमात मधला मार्ग निघाला. शेतमालापासून काढलेलं कुठलंही अल्कोहोल चालेल, पण धान्य-बटाटा नसेल तर कशापासून केली ते लेबलवर छापायचं. म्हणजे आमच्या मळीच्या व्होडकाला तिथे बंदी नाही, फक्त कुळी सांगावी लागते.

सोमवार, झिरार्दूव

वॉर्साहून लोकलने पाऊण तासावर. लिननच्या कापडाच्या गिरणीसाठी वसवलेलं गाव, सगळीकडे लाल वीट. बेल्वेदेर नावाची राय व्होडका इथल्या डिस्टिलरीत होते. कारखाना आम्ही बाहेरूनच बघितला. आत जायला आधी ठरवून यावं लागतं. पण परत येताना रुळांच्या दोन्ही बाजूंना सप्टेंबरात पेरलेली राय बोटभर वर आलेली दिसली. ती बर्फाखाली सगळा हिवाळा काढते आणि जुलैअखेर कापणीला येते. वाळूसारख्या हलक्या, आंबट जमिनीत गहू नीट येत नाही तिथे राय येते. पोलंडची व्होडका रायची का, याचं उत्तर संग्रहालयात जेवढं मिळालं त्याहून जास्त ह्या लोकलच्या खिडकीत मिळालं.

मंगळवार, सेदल्त्सेजवळचं एक गाव

या दिवसासाठी मी आलो होतो. भाच्याच्या कचेरीतल्या एकाचे काका एका शेतकी डिस्टिलरीत मुख्य कारागीर आहेत. गावाचं आणि त्यांचं नाव मी लिहीत नाही, त्यांनी तसं सांगितलंय. वय साठीच्या पुढे, हात माझ्या हाताच्या दुप्पट. त्यांना इंग्रजी येत नाही, मला पोलिश येत नाही, भाचा मध्ये. पण पहिल्या दहा मिनिटांनंतर भाच्याचं काम कमी होत गेलं. व्हॉल्व्हकडे बोट केलं की काय विचारायचंय ते दोघांनाही कळतं.

पोलंडमधली पद्धत दोन टप्प्यांची आहे. गावोगावच्या शेतकी डिस्टिलऱ्या कच्चं स्पिरिट काढतात, नव्वदीच्या आसपासचं. ते टँकरने मोठ्या शुद्धीकरण कारखान्यात जातं आणि तिथे त्याची व्होडका होते. तेव्हा बाटलीवर ज्याचं नाव, त्याने बटाटा पाहिलेला असेलच असं नाही.

अंगणात बटाट्याचा ढीग. खायच्या बटाट्यांपेक्षा ओबडधोबड, जास्त स्टार्चच्या जातीचे. पाण्याच्या पाटातून ते वाहत आत येतात, धुतले जातात, दगड-माती खाली बसते. मग उभ्या, खाली निमुळत्या होत गेलेल्या पोलादी भांड्यात वाफेच्या दाबाखाली शिजतात आणि खालचा व्हॉल्व्ह उघडला की दाबानेच त्यांचा लगदा होऊन बाहेर फेकला जातो. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. ही दाराबाहेर पळाली.

इथे मळी आणि बटाट्यातला मुख्य फरक. मळीत साखर तयारच असते; पाणी घाला, यीस्ट सोडा, काम सुरू. बटाट्यात आणि धान्यात असतो स्टार्च, आणि यीस्टला स्टार्च खाता येत नाही. त्याची साखर आधी करून द्यावी लागते. पूर्वी त्यासाठी मोड आणून वाळवलेला जव, म्हणजे माल्ट घालत, कारण मोडात ते काम करणारी एन्झाइम असतात. आता बहुतेक ठिकाणी डब्यातलं एन्झाइम. कारागीरकाका डब्याकडे बघून खांदे उडवतात. माल्ट महाग पडतं आणि दरवेळी सारखं निघत नाही, हे त्यांनाही मान्य आहे. पण आवडत नाही.

मग लगदा थंड करून यीस्ट. आमचा वॉश दीड दिवसात तयार व्हायचा, यांचा तीन दिवस घेतो. फर्मेंटरवर वाकून वास घेतला. मळीचा वॉश नाकात घुसतो, हा मवाळ, मातकट. रायचं कसं, विचारलं. बटाटा संपला की हेच भांडं रायवर चालतं. काकांनी दोन्ही हात हवेत उचलून फेस कसा उतू जातो ते करून दाखवलं. रायमध्ये एक प्रकारचा चिकट तंतू असतो, लगदा दाट आणि ओढाळ होतो, पाइप तुंबतात, फेस आवरत नाही. गव्हाचं काम त्या मानाने सरळ. रायवर ज्याचा हात बसला तो काहीही गाळू शकतो, असं काकांचं मत.

हिशोब बघा. साधारण ८०० ग्रॅम रायमधून पाऊण लिटरच्या आतबाहेर, म्हणजे एक बाटली व्होडका निघते. तेवढ्याच व्होडकाला बटाटा लागतो जवळपास तीन किलो, कारण त्यात पाणीच फार. वर बटाटा टिकत नाही. काढला की दोन-चार महिन्यांत संपवायचा. म्हणून गळीत हंगाम. पूर्वी गरिबाची समजली जाणारी बटाट्याची व्होडका आज महाग का, ते ह्या ढिगाजवळ उभं राहिलं की कळतं.

कॉलमपाशी गेल्यावर मला घरी आल्यासारखं झालं. सपाट प्लेटा एकावर एक, खालून वाफ चढते, वरून लगदा उतरतो, प्रत्येक प्लेटवर थोडी देवाणघेवाण. १८१७ मध्ये पिस्टोरियस नावाच्या जर्मनाने बटाट्याच्या लगद्यासाठी सुधारित भट्टी केली, १८३० मध्ये आयर्लंडच्या एनीअस कॉफीने सतत चालणाऱ्या कॉलमचं पेटंट घेतलं. त्याआधीची व्होडका ही आजच्या अर्थाने व्होडका नव्हतीच. हातभट्टीतून दोन-तीनदा काढलेली, उग्र वासाची दारू होती. बडीशेप, शहाजिरे, मध घालून वास झाकायचा प्रयत्न असे.

इथे एक राग काढून घेतो. बाटल्यांवर 'पाच वेळा गाळलेली', 'सात वेळा गाळलेली' असं सोनेरी अक्षरात छापतात. साध्या भट्टीत त्या आकड्याला अर्थ आहे. कॉलममध्ये प्रत्येक प्लेटवर उकळणं आणि थंड होणं चालूच असतं. चाळीस प्लेटांचा कॉलम असेल तर किती वेळा गाळली म्हणायची? आणि शुद्धतेलाही कुंपण आहे. अल्कोहोल आणि पाणी एका प्रमाणाला येऊन अडतात. आकारमानाने ९७ टक्क्यांच्या थोडं वर गेलं की वाफेत आणि द्रवात दोन्हीचं प्रमाण सारखंच, मग नुसतं उकळून पुढे जाता येत नाही. युरोपात व्होडकाचं स्पिरिट निदान ९६ टक्क्यांपर्यंत न्यावंच लागतं, अमेरिकेत ९५. तेव्हा सगळ्यांची धाव एक-दोन टक्क्यांच्या पट्टीत, आणि खरी गंमत त्या पट्टीतल्या मागे राहिलेल्या कणांत.

ते कण कसे काढतात ते काकांनी कागदावर काढून दाखवलं. आमच्या ईएनए प्लँटचंच चित्र निघालं. कच्च्या स्पिरिटमध्ये मुद्दाम भरपूर पाणी घालतात. नवख्याला हे उलटं वाटतं. पण पातळ केलं की फ्युजल ऑइल आणि तसले जड, घाणेरड्या वासाचे घटक अल्कोहोलच्या आधी वर पळतात, आणि त्यांना वेगळं काढता येतं. मग पुन्हा चढवून ९६. वरून निघतात हेड्स. आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हणून ज्याचं कौतुक, तेच इथे बाजूला काढायचं असतं. बटाट्यात पेक्टिन असल्याने मिथेनॉल धान्यापेक्षा जास्त तयार होतं, ते इथेच निघून गेलं पाहिजे. युरोपीय नियमात व्होडकात १०० लिटर शुद्ध अल्कोहोलमागे फार तर १० ग्रॅम मिथेनॉल चालतं, फळांच्या दारूंपेक्षा कितीतरी कडक.

शेवटी मी विचारलं, खाली उरतं त्याचं काय करता? आमच्याकडे मळीचा स्पेंट वॉश म्हणजे काळाकुट्ट, नाक फाडणारा. त्याच्या तलावांवरून आंदोलनं झाली, नोटिसा आल्या, माझी निम्मी नोकरी त्या निस्तरण्यात गेली. काकांनी मागचं दार उघडलं. ट्रॅक्टरची टाकी लागलेली. उरलेला गरम रस्सा शेतकरी गाईंसाठी घेऊन जातात. बटाटा शेतातून येतो, गाळून उरलेलं गोठ्यात जातं, शेण परत शेतात. मला त्यांचा कॉलम नाही, ती ट्रॅक्टरची टाकी हवीशी वाटली.

रात्री गेस्टहाउसवर भाच्याने तीन बाटल्या काढल्या. याच टापूत क्शेस्क गावी शोपँ नावाची व्होडका होते. ते लोक बटाटा, राय आणि गहू अशी तिन्हींची वेगवेगळी करतात. एकाच हाताच्या तीन असल्यामुळे तुलना न्याय्य. ही पीत नाही, पण तिचं नाक आमच्या लॅबमधल्या कुणाहूनही तिखट आहे. तीन छोटे ग्लास, बाटल्या पाठीमागे लपवल्या. पहिल्यावर नाक धरून ती म्हणाली, "अहो, याला करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्याचा वास आहे." राय होती. दुसरा तिला गोडसर आणि "काहीच नाही" असा वाटला, गहू. तिसऱ्याला ती थांबली, आणि म्हणाली, सकाळच्या त्या ढिगाचा. बटाटा. मी प्यायलो तेव्हा राय जिभेवर थोडी मिरी सोडून गेली, गहू सरळ उतरला, बटाटा तोंडात दाट आणि सायीचा लागला. हे तिन्ही फरक ९६ टक्क्यांवर पोचल्यानंतर उरलेले आहेत, हे लक्षात घ्या. आमचा केमिस्ट असता तर तिन्ही नमुने 'पास' लिहून मोकळा झाला असता.

अमेरिकन सरकारची व्होडकाची व्याख्याच बरीच वर्षं 'वेगळा गुण, वास, चव किंवा रंग नसलेलं' स्पिरिट अशी होती. २०२० मध्ये ते शब्द काढले. उशिरा का होईना, हिच्या नाकाशी सहमत झाले.

बाकी देशांची तऱ्हा निराळी. रशियन व्होडका बहुधा गव्हाची, आणि तिचा जीव बर्चच्या कोळशात. पाणी घातल्यावर ती कोळशाच्या उंच नळ्यांतून सोडतात. कोळसा घाण वास धरून ठेवतो हे १७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला टोव्ही लोवित्सने शोधलं. तिथे चव गोल करायला थोडी साखर, मध वगैरे घालायलाही हरकत नसते. 'पोल्स्का वूत्का'त पाण्याखेरीज काही चालत नाही. स्वीडनची अ‍ॅब्सोल्यूट ओहूस गावात हिवाळी गव्हापासून होते, फिनलंडचे लोक जव वापरतात, फ्रान्समध्ये सिरॉक द्राक्षाची, अमेरिकेत टेक्सासची टिटोज मक्याची. मक्याची व्होडका गोड लागते आणि मला ती कंटाळवाणी वाटते.

बुधवार आणि गुरुवार, बिआवोविएझा

पूर्वेला बेलारूसच्या सीमेवरचं जुनं अरण्य. १९७९ पासून जागतिक वारसा. सीमेवर २०२२ मध्ये उभारलेली पोलादी भिंत आहे, रस्त्यात सैनिक गाड्या थांबवून कागद बघतात. ओक आणि हॉर्नबीमची पानं पिवळी पडलेली. इथला गवा, युरोपीय बायसन, १९१९ मध्ये जंगलातून संपला होता. प्राणिसंग्रहालयांतल्या उरलेल्या जनावरांपासून वाढवून १९५२ मध्ये पुन्हा मोकळा सोडला. दुसऱ्या दिवशी पहाटे धुक्यात पाच-सहा दिसले. आपल्या दाजीपूरचा गवा जास्त देखणा, हे मी तिथेही बोलून दाखवलं.

व्होडकाशी संबंध असा की या जंगलाच्या मोकळ्या जागांत एक सुगंधी गवत उगवतं. झुब्रूव्का व्होडकात त्याचा अर्क असतो आणि प्रत्येक बाटलीत एक काडी. ती व्होडका शेजारच्या बिआविस्तोक शहरात भरली जाते. परवाना असलेले गावकरी उन्हाळ्यात ते गवत हाताने खुडतात आणि सावलीत वाळवतात. ओलं असताना वास बेताचाच असतो, वाळताना तो सुटतो. कारण कुमारीन नावाचं द्रव्य. अमेरिकेने १९५४ मध्ये खाद्यपदार्थांत कुमारीन घालायला बंदी केली, त्यामुळे खरी झुब्रूव्का तिकडे विकता येत नव्हती. पुढे त्यांच्यासाठी कुमारीन नसलेली वेगळी काढली. हॉटेलवाल्या बाईंनी ती सफरचंदाच्या रसात घालून दिली. हिने पहिल्यांदाच ग्लास ओठाला लावला, अर्धा घोट घेतला, आणि रस निराळा मागवला.

शुक्रवार, रस्त्यावर

दिवसभर गाडी, दक्षिणेला. लुब्लिनला जेवण. भाचा चालवत होता म्हणून आदल्या रात्री तो थेंबभरही प्यायला नव्हता. इथे रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा आपल्याहूनही कडक आहे, आपल्याकडे ०.०३ टक्के, इथे ०.०२. पाऊस.

शनिवार, वाइन्त्सुत

लुबोमिर्स्की आणि नंतर पोतोत्स्की घराण्याचा राजवाडा. १९४४ मध्ये रशियन फौज येण्याआधी शेवटचा पोतोत्स्की मालगाडीचे डबे भरून चीजवस्तू घेऊन निघून गेला. तरी उरलंय तेही डोळ्यांत मावत नाही. प्रागातल्या गाइडने चार वाक्यांत उरकलेला इतिहास इथे बागेसकट उभा आहे. जमीनदाराची डिस्टिलरी इथलीच. रोसोलिस नावाची गोड, मसाल्याची दारू इथून दूरवर जायची. जुन्या भट्ट्या, मापं, लेबलं जपून ठेवलेली आहेत. आरसेमहालातून फिरताना ही म्हणाली, "हे सगळं गुत्त्यावरच्या पैशाचं का?" सगळं नसेल, पण बरंच.

रविवार, क्राकूव

शेवटची रात्र. जुन्या चौकामागच्या एका लहानशा जागेत हेरिंग मासा, खारवलेली काकडी, चरबी लावलेली पावाची फोड आणि फ्रीजमधली व्होडका. इथले लोक ती कशात मिसळत नाहीत, चाखत बसत नाहीत. जेवता जेवता एका दमात घेतात आणि लगेच काहीतरी तोंडात टाकतात. चाखायचं असेल तर फार थंड घेऊ नये, थंडीने वास मरतो. पण तिथे हे कुणाला सांगायला जाऊ नका.

मालकाने मला दोन गोष्टी मुद्दाम दिल्या. एक स्तार्का, रायची दारू पण ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं ठेवलेली, रंगाने मधाळ. दुसरी ओकोविता. ही ९६ वर नेतच नाहीत; कमी टक्क्यांवर थांबतात, म्हणून धान्य पुरतं शाबूत. हुंगली आणि गोवा आठवला. काजूच्या बोंडांचा रस भट्टीवर चढवला की आधी उर्राक आणि पुन्हा गाळली की फेणी. तिथे वास राखणं हेच कसब, आणि त्याच जोरावर २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. ओकोविता नियमाने व्होडकात बसत नाही. पण चारशे वर्षांपूर्वीच्या पोलिश माणसासमोर आजची व्होडका आणि ओकोविता ठेवली तर तो आपली म्हणून ओकोविता उचलेल, असा माझा कयास.

खरेदीचं सांगतो, कारण घरी सगळे तेच विचारतात. भारतात माणशी दोन लिटर करमुक्त नेता येते. आम्ही बटाट्याची एक, रायची एक, झुब्रूव्का एक आणि ओकोविता एक घेतली. कोळशाची रशियन घेतली नाही, सांगलीत मिळते. मला खरी हवी होती ती वेगळीच बाटली. इथल्या साध्या दुकानात ९५ टक्क्यांचं शुद्ध स्पिरिट फळीवर मांडलेलं असतं, लोक घरी चेरी, प्लम त्यात मुरवून नालेव्का करतात. आयुष्यभर जे टँकरने पाठवलं ते बाटलीत, लेबल लावून, किराण्याच्या दुकानात! पण ७० टक्क्यांच्या वरचं मद्य विमानात चालत नाही. ती बाटली भाच्याकडेच ठेवून आलो. चेरी जुलैत येतात, आणि बिया काढून घाल असं हिने त्याला बजावलंय.